पायलटला दाढी का ठेवू देत नाहीत? ऑक्सिजन मास्कचं कारण कितपत खरं?

धावपट्टी२७

नमस्कार मंडळी. एका छोट्या चार्टर कंपनीच्या नियमावलीतलं गणवेश आणि नीटनेटकेपणाचं प्रकरण नव्याने लिहायचं आहे. जुन्या मसुद्यातलं कलम असं आहे:

"सर्व पुरुष वैमानिकांनी ड्यूटीवर येताना गुळगुळीत दाढी केलेली असावी. मिशी ओठांच्या कोपऱ्याबाहेर जाऊ नये. ऑक्सिजन मास्क चेहऱ्यावर घट्ट बसण्यासाठी हे आवश्यक आहे. शीख वैमानिकांना या कलमातून सूट राहील. सर्व पुरुष वैमानिकांनी विमानतळ परिसरात टोपी घालावी. महिला वैमानिकांना टोपी ऐच्छिक."

यातलं तिसरं आणि चौथं वाक्य एकमेकांच्या गळ्यात पडतात. दाढीमुळे मास्क बसत नसेल तर सूट देणं म्हणजे त्या वैमानिकाचा आणि मागे बसलेल्यांचा जीव धोक्यात घालणं. आणि सूट देऊनही काही बिघडत नसेल, तर बाकीच्यांना वस्तरा का?

विचारायचं ते असं. मास्कचं कारण तांत्रिकदृष्ट्या कितपत टिकतं? यावर मोजमाप कुणी केलंय का? बाहेरच्या देशांत आणि आपल्याकडे न्यायालयांनी असे नियम कसे तपासले? आणि कलम लिहायचं तर कसं लिहावं? "सगळ्याच कंपन्या असं करतात" एवढंच सांगायचं असेल तर ते नको, ते जुन्या मसुद्यात आहेच.

लाल_कळ

आधी मास्कबद्दल, कारण सगळा वाद त्याच्यावर उभा आहे.

प्रवाशांच्या डोक्यावरून खाली पडतो तो पिवळा कप आणि कॉकपिटमधला मास्क या दोन अगदी वेगळ्या वस्तू. पिवळ्या कपात ऑक्सिजन सतत वाहतो आणि केबिनची हवा त्यात मिसळतेच. तो सीलबंद बसावा अशी अपेक्षाच नसते. कॉकपिटमधला मास्क श्वास ओढला की तेवढाच ऑक्सिजन देतो. तो सीटच्या बाजूच्या पेटीत घडी करून ठेवलेला असतो. दोन लाल कळा चिमटीत दाबून बाहेर ओढला की डोक्यामागचे पट्टे दाबाने फुगतात, तो तोंडावर धरून कळा सोडल्या की पट्टे आवळले जातात. अमेरिकेच्या प्रमाणीकरण नियमांत, २५.१४४७ या कलमात, याची कसोटी दिली आहे: एका हाताने, ५ सेकंदांच्या आत, चष्म्याला धक्का न लावता, मास्क चेहऱ्यावर बसून ऑक्सिजन सुरू झाला पाहिजे.

पाचच सेकंद का? २५,००० फुटांवर ऑक्सिजन तुटला तर भान राहून काम करता येईल असा वेळ ३ ते ५ मिनिटं असतो. ३५,००० फुटांवर तो ३० ते ६० सेकंद, ४०,००० वर १५ ते २० सेकंद. केबिनचा दाब एकदम सुटला तर हे आकडे साधारण निम्म्यावर येतात. आणि भान जातंय हे ज्याचं जातंय त्याला कळत नाही. २००५ साली ग्रीसमध्ये हेलिओस ५२२ या विमानात दाब चढलाच नव्हता. दोन्ही वैमानिक मास्क न लावता इशाऱ्याचा अर्थ लावत बसले आणि १२१ माणसं गेली. म्हणून मास्कबद्दलची काटेकोरी फाजील आहे असं कुणी म्हणू नये.

आता दाढी. मास्कची रबरी कड नाकाच्या वरून निघते, गालांवरून उतरते आणि ओठाखाली किंवा हनुवटीवर मिळते. मिशी या कडेच्या आत राहते, म्हणून जुन्या नियमांतही मिशीला परवानगी सापडते. प्रश्न गालांचा आणि हनुवटीचा. तिथे केस असतील तर कड कातडीला न टेकता केसांवर टेकते आणि मधून हवा आत येऊ शकते. ३५,००० फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब साधारण १७९ मिमी पाऱ्याइतका, म्हणजे तिच्यातल्या ऑक्सिजनचा वाटा जेमतेम ३७ मिमी. ही हवा मास्कमधल्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये मिसळली की पातळी घसरते. शुद्ध ऑक्सिजनवर साधारण ३३,७०० फुटांपर्यंत फुप्फुसांना समुद्रसपाटीएवढा ऑक्सिजन मिळतो, ४०,००० वर तो १०,००० फुटांवर साधी हवा घेतल्याइतका उतरतो. म्हणजे जितकं उंच जाल तितकी गळती सोसायची गुंजाईश कमी.

अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाने, एफएएने, १९८७ साली १२०-४३ हे सल्लापत्रक काढलं. दाढीमुळे मास्कची कार्यक्षमता घटते, असं त्यात आहे. ते सल्लापत्रक आहे, बंदी नव्हे. पण अनेक कंपन्यांच्या नियमावलीत त्याचा आधार घेतला गेला आणि पुढे मूळ कागद उघडून बघायची तसदी फारशी कुणी घेतली नाही.

मोजमाप झालंय. एअर कॅनडाने कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाकडून अभ्यास करून घेतला. वेगवेगळ्या लांबीच्या दाढ्यांची माणसं कमी दाबाच्या कक्षात बसवून रक्तातला ऑक्सिजन पाहिला. दुसऱ्या भागात डोळ्याघशाला झोंबणारा धूर सोडून तो मास्कमध्ये शिरतो का ते पाहिलं. आत शिरला की माणूस खोकतोच, लपवता येत नाही. दाढीमुळे मास्क निकामी होतो असं दिसलं नाही. त्यानंतर २०१८ मध्ये एअर कॅनडाने वैमानिकांना १२.५ मिमीपर्यंत कोरलेली दाढी ठेवायला परवानगी दिली.

जुन्या पत्रकात आणि नव्या अभ्यासात फरक का पडतो याचं माझ्या मते एक मोठं कारण हार्नेस, म्हणजे मास्क डोक्याला धरून ठेवणारे पट्टे, हे आहे. लवचीक पट्ट्याने लटकवलेला मास्क आणि फुगून आवळणारा मास्क यांच्या दाबात जमीनअस्मानाचा फरक आहे. त्यामुळे "मास्क बसतो का" हा प्रश्न मोघम विचारू नका. तुमच्या विमानातला, त्या पार्ट नंबरचा मास्क बसतो का, असं विचारा.

धुराचं वेगळं बघा. मास्कमध्ये ऑक्सिजन कसा सोडायचा ते ठरवणाऱ्या रेग्युलेटरवर तीन अवस्था असतात. 'एन' वर केबिनची हवा मुद्दाम मिसळली जाते, '१००%' वर निव्वळ ऑक्सिजन, आणि 'इमर्जन्सी' वर मास्कच्या आत किंचित जादा दाब. जादा दाब असला की फट असली तरी प्रवाह आतून बाहेर जातो, धूर आत येत नाही. पण मग ती फट सिलिंडर रिकामा करते. मोठ्या विमानात साठा बराच असतो, छोट्या चार्टर विमानात सिलिंडर छोटा. धावपट्टी२७, तुमच्यासाठी हा मुद्दा खरा महत्त्वाचा आहे.

अजून एक गोष्ट, नियमावल्यांत क्वचित दिसते पण असायला हवी: दाढीला लावायचं तेल, मेण, पेट्रोलियम जेली. शुद्ध ऑक्सिजनजवळ तेलकट पदार्थ म्हणजे आगीला आमंत्रण. दाढी ठेवा किंवा काढा, ड्यूटीवर चेहरा आणि ओठ तेलकट नकोत. गुळगुळीत दाढी करून वर पेट्रोलियम जेली चोपडणारा या बाबतीत कोरलेल्या दाढीवाल्यापेक्षा जास्त धोका पत्करतो.

धावपट्टी२७

फारच उपयोगी. मग प्रत्येक दाढीवाल्या वैमानिकाची चाचणी घ्यायची तर कशी? बोटाला ऑक्सिमीटर लावून जमिनीवर मास्क घालून बघितलं तर पुरेल?

डावी_सीट

नाही, त्यातून काहीच कळणार नाही. जमिनीवर निरोगी माणसाचा आकडा ९७-९८ असतो. मास्क पूर्ण गळका असला तरी तेवढाच राहील, कारण आजूबाजूच्या हवेतच पुरेसा ऑक्सिजन आहे.

दुसरी चूक याहून फसवी. प्रशिक्षणात हायपॉक्सिया (ऑक्सिजनची कमतरता) दाखवण्यासाठी एक यंत्र वापरतात, ते मास्कमधूनच कमी ऑक्सिजनची हवा देतं. त्याच्यावर दाढीची चाचणी घेतली तर निकाल उलटा येतो. मास्क गळका असेल तर खोलीतली चांगली हवा आत शिरते आणि ज्याचा मास्क गळतो त्याचाच आकडा चांगला दिसतो. गळती तपासायची तर बाहेरची हवा विरळ किंवा कमी ऑक्सिजनची हवी आणि मास्कमधून ऑक्सिजन यायला हवा. म्हणजे कमी दाबाचा कक्ष, बेंगळुरूच्या वायुदलाच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत आहे तसा, नाहीतर कमी ऑक्सिजनचा तंबू. तंबूत बाहेरचा दाब जमिनीचाच असल्यामुळे रेग्युलेटर उंचीवर कसा वागेल ते मात्र कळत नाही.

छोट्या कंपनीला रोज परवडेल अशी जमिनीवरची तपासणी अशी: आपल्याच विमानातला मास्क पेटीतून काढून घालायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. चष्मा असेल तर चष्म्यासकट. लांब दाढी असेल तर बहुतेक वेळा अडतं ते इथे, केस कडेखाली दुमडतात आणि माणूस दुसऱ्या हाताने ते सारखे करायला जातो. एका हाताची अट तिथेच मोडली. मग निवड '१००%' वर ठेवून चार-पाच नेहमीचे श्वास. नंतर 'इमर्जन्सी' वर टाकून श्वास रोखा आणि गालाशी, हनुवटीखाली फुस्स आवाज येतो का ते दुसऱ्याने ऐकावं. प्रवाहदर्शक डोळा श्वास रोखल्यावर बंद व्हायला हवा, पिवळा राहिला तर कुठून तरी गळतंय. शेवटी इंटरकॉमवर बोलून बघायचं. गळत्या मास्कमध्ये माइकवर सतत खरखर येते आणि सहवैमानिकाला आकडे नीट ऐकू जात नाहीत. यासाठी वापरलेल्या ऑक्सिजनची नोंद करा आणि सिलिंडरचा दाब उड्डाणाच्या किमान मर्यादेखाली गेला नाही ना ते बघा. तपासणीतच साठा संपवून ठेवायचा नाही.

ही तपासणी सगळ्यांची घ्या. बारीक चणीच्या चेहऱ्यावर, खोल गालांवर, गालावर जुना व्रण असेल तरी मास्क गळतो, दाढीचा एक केस नसताना. फक्त दाढीवाल्यांना रांगेत उभं केलं तर ती सुरक्षेची तपासणी राहत नाही.

लाल_कळ

डावी_सीट यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. अमेरिकेत कारखान्यांतल्या आणि अग्निशमनातल्या श्वसनमास्कसाठी ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेचा नियम आहे (१९१०.१३४), त्यात मास्कची कड टेकते तिथे केस चालत नाहीत. त्या नियमाचा दाखला विमान कंपन्या देतात तेव्हा जरा थांबून बघावं. तिथे माणूस विषारी हवेत शिरून तासन्‌तास काम करतो. कॉकपिटमध्ये मास्क लावून १०,००० फुटांवर उतरेपर्यंत काही मिनिटं काढायची असतात. दोन्हींची जोखीम सारखी नाही, त्यामुळे एकाचं उत्तर दुसऱ्याला जसंच्या तसं चिकटवता येणार नाही.

आणि शीख वैमानिकांचा मुद्दा. हरदित सिंग मलिक १९१७ मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये पगडीवर बसेल असं मोठं हेल्मेट करून घेऊन उडत होते. आपल्या वायुदलात शीख लढाऊ वैमानिक दाढीसकट मास्क लावत आलेत. परमवीरचक्र मिळालेले निर्मल जीत सिंग सेखों १९७१ मध्ये श्रीनगरवरून नॅट हे लढाऊ विमान घेऊन झुंजले. म्हणजे बांधलेल्या दाढीवर मास्क बसवता येतो, हे आपल्या देशात तरी सिद्ध करत बसायची गरज नाही. तुमच्या मसुद्यातलं तिसरं वाक्य चुकलंय, चौथं नाही.

ऱ्हाइनकाठ

टोपीच्या कलमाबद्दल लिहितो, कारण नेमका याच वाक्यावरचा निकाल जर्मनीत लागलेला आहे.

लुफ्तान्सामध्ये व्यवस्थापन आणि कर्मचारी मंडळ यांच्या करारात पुरुष वैमानिकांनी विमानतळावर लोकांच्या वावराच्या भागात टोपी घालायची आणि स्त्री वैमानिकांना ती ऐच्छिक, असं होतं. डिसेंबर २००९ मध्ये एका वैमानिकाला टोपी नाही म्हणून न्यूयॉर्कच्या उड्डाणावरून उतरवलं. प्रकरण खालून वर गेलं आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी संघीय कामगार न्यायालयाने वैमानिकाच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाचा विचार मला फार स्वच्छ वाटतो. गणवेशाचा हेतू काय? हा लुफ्तान्साचा वैमानिक आहे हे लोकांना ओळखू यावं. मग या हेतूसाठी पुरुषाला टोपी लागते आणि स्त्रीला लागत नाही, असं का? हेतू एकच असेल तर वागणूक दोन तऱ्हेची ठेवता येत नाही. टोपी सक्तीची असावी की नसावी यात न्यायालय पडलंच नाही. सगळ्यांना सक्ती केली असती तर हा वैमानिक या मुद्द्यावर जिंकला नसता.

दाढीवरचा सगळ्यात थेट निकाल दक्षिण कोरियाचा. एशियाना एअरलाइन्सने २०१४ मध्ये एका कॅप्टनला दाढी ठेवली म्हणून २९ दिवस उड्डाणापासून दूर ठेवलं. कंपनीच्या नियमात दाढी-मिशीला बंदी, पण ज्या परदेशी कर्मचाऱ्यांच्या देशात मिशीची रीत आहे त्यांना सवलत. खालच्या न्यायालयात कंपनी जिंकली, वरच्या न्यायालयात हरली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅप्टनच्या बाजूने शिक्कामोर्तब केलं. कंपनीला कर्मचाऱ्याच्या दिसण्यावर काही मर्यादा घालता येतात हे न्यायालयाने मान्य केलं. पण सरसकट बंदी घातली की माणसापुढे दोनच वाटा उरतात, दाढी काढा नाहीतर नोकरी सोडा, आणि एवढं टोक गाठायला पुरेसं कारण कंपनी दाखवू शकली नाही.

ब्रिटिश एअरवेजचं एवेडा प्रकरणही बघा, जरी ते चेक-इन काउंटरवरच्या बाईंचं असलं तरी. गळ्यातला छोटा क्रॉस दिसतो म्हणून २००६ मध्ये त्यांना घरी पाठवलं. १५ जानेवारी २०१३ ला युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: कंपनीने प्रतिमा जपणं गैर नाही, पण त्याला वाजवीपेक्षा जास्त वजन दिलं गेलं. पगडी आणि हिजाबला परवानगी होतीच, त्याने प्रतिमा खालावली नव्हती. त्याच निकालपत्रात चॅप्लिन या परिचारिका मात्र हरल्या. रुग्णाने साखळी ओढली तर इजा होईल, हे रुग्णालयाचं कारण न्यायालयाने मान्य केलं. क्रॉस दोघींच्या गळ्यात होता, निकाल फिरला तो नियमामागच्या कारणावर.

पट्टीवाला

थोडं विरुद्ध बाजूने लिहितो. दिसण्याच्या नियमांना इथे सगळे जण सुरक्षेच्या तराजूत घालताय, पण गणवेशाचं स्वतःचंही काम असतं. धूर भरलेल्या केबिनमधून लोक बाहेर काढताना चार पट्ट्या दिसल्या की प्रवासी कुणाचं ऐकायचं ते चटकन ठरवतात. रॅम्पवर, इमिग्रेशनला, हॉटेलच्या काउंटरवर ओळख पटवायला गणवेश लागतो. विस्कटलेला कॅप्टन पाहून घाबरणारा प्रवासी मूर्ख नसतो, कॉकपिटमध्ये काय चाललंय ते त्याला दिसत नाही, तो जे दिसतं त्यावरून अंदाज बांधतो. "मास्कसाठी" असं खोटं कारण देऊ नये, हे मान्य. पण "आम्हाला नीटनेटका वैमानिक हवा" हे प्रामाणिकपणे लिहिलं तर त्यात गैर काय?

कलम_चौदा

काही गैर नाही, आणि तसंच लिहावं. कारण खरं लिहिलं की त्या कारणापुरताच नियम ठेवावा लागतो. नीटनेटकेपणा हवा असेल तर कोरलेली दाढी त्यात बसते, मग बंदी टिकत नाही. मास्कचं नाव पुढे केलं की चर्चाच थांबते, म्हणून ते कारण इतकी वर्षं चाललं.

आता आपल्याकडचं. इथे लोक तीन गोष्टींची गल्लत करतात.

पहिली, वायुदलाचा निकाल. मोहम्मद झुबेर प्रकरणात १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने वायुसैनिकाची दाढीची मागणी फेटाळली. व्हॉट्सॲपवर हा निकाल "दाढीला बंदी कायदेशीर" म्हणून फिरतो. तो सशस्त्र दलाचा आहे, वायुदलाच्या ४२५ क्रमांकाच्या विनियमावर आहे, आणि त्याचा पाया शिस्त व एकसारखेपणा हा आहे. ज्यांच्या धर्मात केस कापायला वा दाढी करायला मनाई आहे त्यांना तो विनियम सूट देतो. इस्लाममध्ये तशी मनाई आहे असं न्यायालयापुढे दाखवता आलं नाही. सैन्यदलातले मूलभूत हक्क मर्यादित करायची मुभा घटनेच्या ३३व्या अनुच्छेदात आहे, चार्टर कंपनीला ती नाही.

दुसरी, एअर इंडियाचे जुने निकाल. १९८१ चं नर्गिस मिर्झा प्रकरण मुंबईच्या एअर इंडियाचं. हवाईसुंदरीने नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर, पहिल्या गरोदरपणात, किंवा वयाच्या ३५ व्या वर्षी सेवा संपायची आणि पुढची मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. गरोदरपणाची अट आणि ती मर्जी, दोन्ही न्यायालयाने रद्द केल्या. चार वर्षांची लग्नाची अट मात्र टिकवली. पुरुष पर्सर ५८ पर्यंत राहत होते, पण त्यांचं केडर (नोकरीचा संवर्ग) वेगळं म्हणून तुलनाच होत नाही, असं म्हटलं. हा भाग मला आजही पटत नाही. आधी केडर वेगळे पाडायचे आणि मग वेगळे आहेत म्हणून वेगळं वागवायचं, हे चक्र त्यात सुटलं नाही.

तिसरी, रिट, म्हणजे हक्कासाठी थेट उच्च न्यायालयात करायची याचिका. एअर इंडिया सरकारी होती तेव्हा कर्मचारी समतेच्या हक्कासाठी थेट उच्च न्यायालयात जाऊ शकत. जानेवारी २०२२ मध्ये ती टाटांकडे गेली. मुंबई उच्च न्यायालयाने त्या आधी दाखल झालेल्या याचिकाही आता चालणार नाहीत असं म्हटलं आणि मे २०२४ मध्ये आर. एस. मदिरेड्डी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. खाजगी विमान कंपनीतल्या वैमानिकाला १४वा, १५वा, २५वा अनुच्छेद दाखवून थेट रिट करता येत नाही, हे आजचं वास्तव आहे. उरतो तो नेमणुकीचा करार, कंपनीचीच नियमावली, औद्योगिक कायदा आणि काही विशिष्ट कायदे. स्त्री-पुरुष भेदाविरुद्धची १९७६ च्या समान वेतन कायद्यातली तरतूद आता वेतन संहितेत आहे आणि ती खाजगी कंपन्यांनाही लागू होते. तृतीयपंथी व्यक्तींना नोकरीत भेदभावापासून संरक्षण देणारा २०१९ चा कायदाही खाजगी आस्थापनांना लागू आहे. "पुरुष वैमानिकांनी असे केस, महिला वैमानिकांनी तसे" अशी कलमं लिहिताना तो समोर ठेवा.

अन्याय फक्त दाढीत नाही, मोजपट्टीतही असतो. आपल्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) २०१४ च्या परिपत्रकात केबिन क्रूसाठी सर्वसाधारण बीएमआय पुरुषांना १८ ते २५ आणि स्त्रियांना १८ ते २२ असा होता. अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सचा वजनतक्ता याच धर्तीवर चालायचा, पुरुषांना थोराड बांध्याचा तक्ता आणि स्त्रियांना मध्यम बांध्याचा. फ्रँक विरुद्ध युनायटेड या खटल्यात २००० साली अपील न्यायालयाने तो भेदभाव ठरवला. आणि २०२२ च्या शेवटी एअर इंडियाच्या केबिन क्रूच्या नव्या सूचनांची बातमी आली: टक्कल पडत असेल तर पूर्ण डोकं भादरा, पांढरे केस रंगवा, टिकली अर्ध्या सेंटिमीटरची. यात सुरक्षेचं कारण शोधूनही सापडत नाही. पांढऱ्या केसांचा कॅप्टन प्रवाशांना आश्वासक वाटतो म्हणे, मग पांढऱ्या केसांची एअर होस्टेस का नको?

धावपट्टी२७

सगळं वाचून नवा मसुदा असा केलाय, त्यावर तुटून पडा:

"वैमानिकाने केस व दाढी स्वच्छ आणि कोरलेली ठेवावी. दाढीची लांबी १२ मिमीपेक्षा जास्त नसावी. धार्मिक कारणाने जास्त लांब दाढी ठेवणाऱ्यांनी ती बांधलेली ठेवावी. सर्व वैमानिकांची वर्षातून एकदा मास्क-तपासणी होईल. टोपी सर्वांना ऐच्छिक. ड्यूटीवर दाढीला किंवा चेहऱ्याला तेलकट पदार्थ लावू नयेत."

डावी_सीट

बरंच सुधारलंय. दोन ठिकाणी अजून भोकं आहेत.

तपासणीत कुणी नापास झाला तर पुढे काय ते लिहिलेलं नाही, आणि भांडण तिथेच होतं. दुसऱ्या मापाचा मास्क उपलब्ध असेल तर तो, नसेल तर दाढी तिथे कमी करून फेरतपासणी, आणि तोवरचा पगार कापला जाणार की नाही, हे आधीच स्पष्ट हवं.

लांबी कोण मोजणार तेही लिहा. १२ मिमी म्हणजे ट्रिमरला १२ ची कंगवी लावून फिरवली की केस कापले जाता कामा नयेत, इतकं सोपं ठेवा. हा निर्णय प्रशिक्षण विभागाचा असावा. ड्यूटीवर निघालेल्या माणसाला डिस्पॅचच्या खोलीत ग्राउंड स्टाफने पट्टी लावून अडवायचं नाही. उड्डाणाच्या तासभर आधी वैमानिकाचं डोकं तापवणं हेही सुरक्षेला मारकच.

कलम_चौदा

"धार्मिक कारणाने" या शब्दांवर मी अडतो. पुराव्याला काय मागणार? एका धर्माच्या माणसाकडून प्रमाणपत्र आणि दुसऱ्याकडून नुसता शब्द, असं होईल. वैद्यकीय कारणही घाला. काहींना रोज वस्तरा लावला की केस कातडीत वळतात, पुरळ येतं, पू होतो. कुरळ्या केसांच्या पुरुषांत हे जास्त आढळतं. अमेरिकेत १९९३ मध्ये पिझ्झा पोचवणाऱ्या एका कंपनीची दाढीबंदी याच कारणाने कृष्णवर्णीयांवर अन्याय करणारी ठरली. खरं तर कारण विचारूच नका. लांब दाढी बांधलेली असेल आणि मास्क तपासणीत बसत असेल तर चालेल, एवढं लिहिलं की धर्म, आजार, आवड हे सगळं एकाच वाक्यात बसतं.

लाल_कळ

सहमत. फक्त "वर्षातून एकदा" च्या जागी "वर्षातून एकदा, आणि दाढीची लांबी किंवा विमानातल्या मास्कचा पार्ट नंबर बदलल्यास पुन्हा" असं करा. चार्टरमध्ये एकच वैमानिक दोन जातींची विमानं उडवतो आणि दोन्हींतले मास्क वेगवेगळ्या बनावटीचे असू शकतात. तपासणीच्या नोंदीत विमानाचं नोंदणीचिन्ह, मास्कचा पार्ट नंबर, निवड कशावर होती आणि घालायला किती सेकंद लागले, एवढं लिहा. नुसतं "समाधानकारक" लिहू नका.